डॉक्टरांची चौकट

गुरुवार, २० फेब्रुवारी १९७५. सकाळी साडेदहा. मिलचा दवाखाना, सोलापूर.

हजर: मिलचे डॉक्टर. नेत्रशिबिरासाठी मुंबईहून आलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. लेबर ऑफिसर. फोल्डिंग खात्यात कापड तपासणारे नरसय्या. मी, दवाखान्याची सिस्टर. आणि खिडकीपाशी चादरीखाली झाकून ठेवलेली लाकडी चौकट.

गैरहजर: विणकाम खात्यातला जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम. बोलावलं होतं. "मी बरा हाय, मला दावायला नेऊ नका," असा निरोप आला.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतली आहे. कोण आलं, कोण नाही आलं, काय झालं, काय राहिलं, हे मी रोज लिहून ठेवते. म्हणून पुढचं जे सांगते आहे ते आठवणीवर विसंबून नाही.

डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. आपलं नाव व्हावं ही त्यांची फार इच्छा होती. ती माझ्या हातून पुरी व्हायला नको.

आमच्या मिलमध्ये येण्याआधी ते चांद्याकडे एका कोळशाच्या खाणीवर होते. खाणीत अंधारात वर्षानुवर्षं काम केलेल्या काही माणसांची बुबुळं आपोआप हलायला लागतात, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं किंवा वाचलं होतं. पाहिलं किती आणि वाचलं किती, हे मला सहा वर्षांत कळलं नाही. सोलापुरात खाण नाही. मग त्यांनी माग धरला.

त्यांचं म्हणणं असं. मागावर आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे पळतो, उजवीकडून डावीकडे पळतो. विणकराचा डोळा दिवसभर त्याच्यामागे पळतो. शेवटी माग बंद होतो, धोटा थांबतो, डोळा थांबत नाही. याला त्यांनी नाव दिलं होतं 'धोट्याचा डोळा'. निळ्या पुठ्ठ्याच्या जाड वहीत ते यावर निबंध लिहीत होते. वहीच्या पहिल्या पानावर निबंधाचं नाव नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं, पदव्यांसकट.

मागावर काम केलेला कोणीही सांगेल की धोट्याकडे कोणी बघत नसतं. बघून दिसण्याइतका तो सावकाश जातच नाही. विणकराची नजर कापडावर असते, तुटणाऱ्या धाग्यावर असते. जॉबरने हे डॉक्टरांना तोंडावर सांगितलं.

"साहेब, धोट्याकडं बघत बसलो तर कापड कोण बघणार?"

"तू बघत नसशील," डॉक्टर म्हणाले. "तुझा डोळा बघतो. तुला न विचारता."

जॉबर टोपी नीट करून निघून गेला.

दवाखान्यात भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं. डॉक्टर रुजू झाले त्या आठवड्यात त्यांनी त्याचा लंबक काढून कपाटात ठेवला. लंबकही इकडून तिकडे जातो, बाकावर बसलेले रोगी त्याच्याकडे बघतात, म्हणून. तेव्हापासून त्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झालेली आहेत. मी माझं मनगटी घड्याळ वापरत असे आणि डॉक्टर मला वेळ विचारत असत.

त्यानंतर पंखा. छताचा पंखा फिरतो, फिरत्या पात्यांमागे डोळा फिरतो. मे महिन्यात, सोलापुरात, पत्र्याच्या छपराखाली त्यांनी पंखा बंद ठेवला. बिनतापाचा माणूस तपासणीला येऊन बसला तर दहा मिनिटांत त्यालाही ताप भरेल अशी ती खोली. मी थर्मामीटर पाण्याच्या माठाजवळ ठेवायला लागले, नाहीतर झटकूनसुद्धा पारा खाली येत नव्हता.

आणि पाळणा. सूत गुंडाळणाऱ्या रिळिंग खात्यातल्या बायकांना एकदा ओळीने उभं करून त्यांनी सांगितलं की घरी मुलांचे पाळणे हलवू नका. लहानपणी हललेला डोळा मोठेपणी हलतो.

मागच्या ओळीतून आवाज आला, "मग काय डॉक्टर, पोराला खुंटीला टांगू का?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. "खुंटी स्थिर असते," ते म्हणाले. एवढं शांतपणे, की हसणाऱ्यांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. हा माणूस खरंच तसं म्हणतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे, ती लिहायला हवी. खाणीतला अंधार डोक्यात असल्यामुळे त्यांनी विणकाम खात्यात उजेड वाढवण्याचा हट्ट धरला. दर महिन्याला मॅनेजरना पत्र. शेवटी कंटाळून मिलने बारा ट्यूबलाइट बसवल्या. त्या अजून आहेत आणि त्यांच्याखाली माणसांना चांगलं दिसतं. कारण चुकीचं होतं, उजेड खरा आहे. त्यांच्या खात्यावर जमा करण्यासारखं मला एवढंच सापडलं.

चौकट त्यांनी १९७३ मध्ये मिलच्या सुताराकडून करून घेतली. सागवानाची, पुरुषभर उंच. मध्ये हनुवटी टेकायला खाच, डोक्याच्या दोन्ही बाजूंना मागाचे जुने चामडी पट्टे. पट्टे आवळले की मान कुठेही वळत नाही. समोर हातभर अंतरावर दोरीला एक धोटा टांगलेला. हलत्या धोट्याने झालेला रोग स्थिर धोट्याकडे बघून जातो, असा उपचार. दोरीला टांगलेला धोटा थोड्याशा वाऱ्यानेही डुलायचा, म्हणून खिडक्याही बंद.

"मान सरळ!" हा त्यांचा मंत्र होता. तपासणीला आलेला माणूस दारातून आत येतानाच ते म्हणायचे, "मान सरळ!" पोटदुखीवाल्यालाही. हात मशीनमध्ये चिमटलेल्यालाही.

दुसरं वाक्य त्याहून ठरलेलं होतं. आमच्याकडे रोगी आपला रोग सांगताना घरापासून सुरुवात करतो. माझ्या आईला असंच होतं, थोरल्या भावाला असंच झालं, चुलती यातच गेली. डॉक्टर हात वर करून थांबवायचे. "खानदान सांगू नका. मी डॉक्टर आहे, सोयरीक जुळवणारा नव्हे."

आता जॉबर. माढ्याकडचा, पंचेचाळिशीचा, गळ्यात तुळशीची माळ. त्याला १९७२ मध्ये फिट आली होती आणि तेव्हापासून आमच्याच दवाखान्यातून रोज दोन गोळ्या जात होत्या. १९७४ च्या पावसाळ्यात त्याला पुन्हा एकदा फिट आली. डॉक्टरांनी दोनच्या चार केल्या. महिना झाला नाही तोच जॉबर मागांच्या ओळीतून चालताना भिंत धरून चालायला लागला. बोलताना जीभ जड. बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं झटके देत परत यायची. खात्यात बोललं जाऊ लागलं की जॉबर प्यायला लागला.

त्याची बायको माझ्याकडे आली. "सिस्टरबाई, माळकरी माणूस हाय वो त्यो. वासबी घेत न्हाय. आन् लोक म्हंत्यात पिऊन येतो. तुमी तरी सांगा की कुणाला."

मी गोळ्यांचं रजिस्टर उघडलं. चार गोळ्या सुरू झाल्याची तारीख आणि भिंत धरून चालू लागल्याची तारीख यांत तीन आठवडे होते. दोन्ही तारखा एका कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवल्या.

त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. "सिस्टर, तुम्ही गोळ्या मोजा. कारणं मी मोजतो."

जॉबरचं नाव निळ्या वहीत गेलं. धोट्याचा डोळा, केस नंबर आठ. वीस वर्षं मागांमध्ये काढलेला माणूस, वहीला शोभून दिसला. त्याला घरी विश्रांती आणि रोज चौकट.

दिवाळीनंतर डॉक्टर पंधरा दिवसांच्या रजेवर गेले. बदलीवर एक तरुण डॉक्टर आले. मी तोच कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दोन्ही तारखा वाचल्या, जॉबरला बोलावून तपासलं आणि गोळ्या बेताबेताने कमी करून पुन्हा दोनवर आणल्या. फिटची गोळी जास्त झाली की डोळे असे हलतात, पायही लटपटतात, असं त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टर परत आले तेव्हा जॉबर भिंत न धरता दवाखान्यात शिरला. डोळे जागेवर.

मी गोळ्यांचं रजिस्टर पुढे केलं. डॉक्टरांनी ते बाजूला सारलं आणि जॉबरच्या खांद्यावर थाप मारली.

"पाहिलंत सिस्टर? एवढे दिवस धोट्यापासून लांब ठेवला."

जॉबर माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. दोघांच्याही मनात जे होतं ते डॉक्टरांच्या तोंडावर बोलण्याची पद्धत आमच्या मिलमध्ये नव्हती.

नरसय्यांची गोष्ट अशी सरळ नव्हती, कारण त्यांचे डोळे जन्मापासून हलत होते. घरी तेलुगू, मिलमध्ये मराठी, वय चाळीस. फोल्डिंग खात्यात तयार कापड टेबलावरून ओढत न्यायचं आणि तुटका धागा, गाठ, डाग दिसला की खडूची खूण करायची, हे त्यांचं काम. अठरा वर्षं करत होते. त्यांच्या हाताखालून गेलेला तागा व्यापाऱ्याकडून परत आला असं खात्यात कोणाला आठवत नव्हतं. ते बघायचे मात्र त्यांच्या पद्धतीने. चेहरा उजव्या खांद्याकडे वळवायचा आणि डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून कापड बघायचं. लांबून वाटायचं, हा माणूस कापडावर रुसून बसला आहे. खात्यात त्यांना 'रुसका' म्हणत. तेही म्हणवून घेत.

१९७५ च्या जानेवारीअखेर वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी त्यांना चौकटीत बसवलं, पट्टे आवळले, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. नरसय्यांची बुबुळं अशी सुटली की मलाच बघवेना. वरची मोठी दोन अक्षरं सोडून त्यांना काही वाचता आलं नाही.

"डॉक्टर, मान जरा वळवू द्या की. मग वाचतो."

"मान सरळ!"

"सरळ मानेनं मला दिसत न्हाय. लहानपणापासनं असंच हाय. माझा मामा शुक्रवार पेठेत भजी तळायचा, त्याचंबी डोळं असंच हलायचं. त्योबी मान वळवूनच—"

"खानदान सांगू नका!"

"आन् मी धोटा कवा चालवलाच न्हाय की डॉक्टर."

डॉक्टरांनी पट्ट्यावरचा हात काढला. मला वाटलं, आता तरी. पण त्यांनी विचारलं, "तुझी आई घरी मागावर बसायची?"

"व्हय. आमच्यात समद्याच बसत्यात."

"तू पोटात असताना?"

"आसंल की."

डॉक्टरांनी निळी वही ओढली. केस नंबर नऊ. आईच्या पोटातून धोटा पाहिलेला पहिलाच माणूस त्यांना सापडला होता. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. त्याच आनंदात त्यांनी लेबर ऑफिसला लिहून दिलं: तपासणीच्या कामास नालायक.

नालायक ठरलेल्या माणसाला मिल एक महिना ठेवून घेते आणि मग घरी पाठवते. नरसय्यांच्या घरात पाच माणसं. तो महिना २८ फेब्रुवारीला संपत होता. माझ्या वहीत तारखेखाली दोन रेघा आहेत.

नेत्रशिबिराला डॉक्टरीणबाई आल्या आहेत हे कळल्यावर डॉक्टरांनीच त्यांना पत्र लिहून बोलावलं. आपला नवा रोग दाखवायला. लेबर ऑफिसर त्यांना मिलच्या जीपमधून घेऊन आले. हीच ती वीस फेब्रुवारीची सकाळ.

डॉक्टरांनी जादूगारासारखी चादर ओढली. बाईंनी चौकटीकडे बघितलं, टांगलेल्या धोट्याकडे बघितलं, मग बंद पंख्याकडे बघितलं.

"आधी पंखा लावा," त्या म्हणाल्या.

मी लावला. चार वर्षांनी त्याच्या पात्यांवरची धूळ आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर पडली.

त्यांनी नरसय्यांना चौकटीत बसवलंच नाही. साध्या स्टुलावर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून आहे?" आमच्या दवाखान्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. रजिस्टरात त्याला रकानाच नव्हता. दुसरा प्रश्न, "घरात आणखी कोणाला?"

नरसय्यांनी आधी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी भजी तळणारा मामा सांगितला.

"आईचा भाऊ. आणि आईचे डोळे?"

"आईचं चांगलं. बायकांचं कुणाचंच हालत न्हाय."

"असंच असतं पुष्कळ घरांत," बाई म्हणाल्या. "आईकडून येतं, आईला नसतं. मुलग्यांत दिसतं."

मग त्यांनी नरसय्यांचा एक डोळा हाताने झाकला. उघडा डोळा जोरात हलायला लागला. हात काढला. हलणं कमी झालं. मग त्यांची मान त्यांना हवी तशी वळवू दिली, आणि सगळ्यांच्या देखत बुबुळं जवळजवळ थांबली. तक्त्यावरच्या खालून दुसऱ्या ओळीपर्यंत नरसय्यांनी वाचलं. तेवढ्यावर न थांबता ते म्हणाले, "बाई, तुमच्या पदराला काठाजवळ एक धागा सुटलाय."

बाईंनी पदर उलटून बघितला. सुटलेला होता.

"ह्यांच्या डोळ्यांना एक जागा आहे, तिथे ते शांत होतात," त्यांनी लेबर ऑफिसरना सांगितलं. "मान वळवून हा माणूस ती जागा गाठतो. तुम्ही मान आवळली, वर एक डोळा झाकला. म्हणजे जे दिसत होतं तेही काढून घेतलंत आणि मग म्हणालात, दिसत नाही."

मी वही घेऊन उभीच होते. त्यांनी मला कारणं सांगितली, मी लिहून घेतली. जन्मापासून असलेलं वेगळं, मागाहून आलेलं वेगळं. जन्मापासूनचं घराण्यातून येतं, किंवा डोळ्याच्या पडद्यातच कमीपणा असतो. फार गोऱ्या, पांढऱ्या केसांच्या मुलांतही दिसतं. मागाहून अचानक आलं तर गोळ्या बघा, दारू बघा, कान बघा, डोक्याला मार लागलाय का बघा, आणि मेंदूची तपासणी लांबवू नका. जॉबरची हकिकत मी सांगितली तेव्हा त्यांनी माझ्या वहीतल्या 'गोळ्या' या शब्दाखाली रेघ मारली. पानाच्या शेवटी मी विचारलं, "आणि धोटा?"

"कापड विणायला चांगला," त्या म्हणाल्या.

डॉक्टर एवढा वेळ भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. आता ते उठले, चादर उचलली आणि चौकटीवर पुन्हा नीट पांघरली. मेलेल्या माणसावर नव्हे, झोपलेल्यावर घालतात तशी. "पुस्तकी ज्ञान आणि अनुभव यांत फरक असतो," ते म्हणाले. बाई जीपमध्ये बसून गेल्या. दुपारच्या गाडीने त्या मुंबईला जाणार होत्या.

आता अडचण अशी. मिलच्या कागदावर मिलच्याच डॉक्टरची सही लागते. बाईंचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण ऐकलेल्याची फाइल होत नाही. लेबर ऑफिसरनी डॉक्टरांना विचारलं, "मग लायक लिहायचं ना?"

"मी एकदा नालायक लिहिलं आहे," डॉक्टर म्हणाले. "मी चूक लिहीत नसतो."

आठ दिवस उरले होते. नरसय्या रोज कामावर येताना दवाखान्याच्या दारात थांबायचे, मी नकारार्थी मान हलवायचे, ते पुढे जायचे. चौथ्या दिवशी मी उपाय काढला. डॉक्टरांना चूक कबूल करायची नव्हती. ठीक आहे. चूक नव्हतीच. रोगी नालायक होता आणि आता बरा झाला. मी वाक्य तयार केलं, माझ्या अक्षरात कागदावर उतरवलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं:

'चौकटीतील नियमित उपचाराने लक्षणीय सुधारणा. मान वळवून काम करण्यास हरकत नाही. उपचार दर गुरुवारी चालू ठेवावा. तपासणीच्या कामास लायक.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. 'लक्षणीय' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि निळ्या वहीत उतरवून घेतलं.

एका वाक्यात दोन कामं झाली. माणसाची नोकरी राहिली, डॉक्टरांचं नाक राहिलं. त्या दिवशीच्या यादीत मी त्या ओळीपुढे इतक्या जोरात बरोबरची खूण केली आहे की मागच्या पानावर उठली आहे.

त्यानंतर नरसय्या दर गुरुवारी दुपारी येऊन चौकटीत पाव तास बसू लागले. मी पट्टे सैल ठेवायचे.

"कंटाळा येत नाही का हो?" मी एकदा विचारलं.

"कशाचा कंटाळा सिस्टरबाई? खात्यात उभं राहून राहून पाय मोडत्यात. हितं डोळं मिटून पडतो. मिलमधी बसून झोपायचा पगार मलाच एकट्याला मिळतोय."

डॉक्टर १९७७ मध्ये निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी धोट्याच्या डोळ्यावर पाऊण तास भाषण केलं आणि पूर्ण बरी झालेली केस म्हणून नरसय्यांना उभं केलं. नरसय्या मान वळवून उभे राहिले. टाळ्या झाल्या. डॉक्टर निळी वही घेऊन मुलाकडे राहायला गेले. निबंध कुठे छापून आल्याचं ऐकलं नाही. लंबक कपाटातच आहे.

नवे डॉक्टर कडक आहेत आणि कागद वाचणारे आहेत. त्यांनी नरसय्यांची फाइल काढली. उपचार चालू ठेवावा असं लिहिलं आहे आणि बंद करण्याचा शेरा कुठेच नाही, म्हणून त्यांनी तो चालू ठेवला.

यंदाच्या मे महिन्यात नरसय्यांची थोरली बहीण, अक्का, दवाखान्यात आली. भावाला चौकटीत बसलेलं तिने बराच वेळ बघितलं. मग हाताची वीत टाकून चौकट मोजली. खाचेची रुंदी बोटांनी मोजली.

"सिस्टरबाई, पट्टा कशाचा हाय वो?"

"मागाचा. जुना," मी सांगितलं आणि इंजेक्शनच्या सुया उकळत ठेवायला गेले.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी नरसय्या चौकटीत बसले नाहीत. स्टुलावर बसले.

"टेंभुर्णीला गेलतो. अक्काच्या लेकीकडं," ते म्हणाले. "तिचं पोरगं तीन वर्साचं झालंय. त्याचंबी डोळं हलत्यात. माझ्यावानी, मामावानी."

"मान वळवून बघतो का?"

"बघत हुतं. आता न्हाय. अक्कानं सुताराकडनं धाकटी चौकट करून दिलीया. रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. पोरगं मान वळवून आईकडं बघायला जातंय, पट्टा आडवा येतोय. रडून रडून निजतंय."

"अहो, तुम्ही सांगितलं नाहीत का? तुम्हाला तर माहीत आहे सगळं!"

"सांगून दमलो की. म्हटलं अक्का, ते सोंग हाय, मी तितं झोप काढतो. ती म्हणती, सोंग हाय तर पाच वर्सं दर गुरुवारी कशाला जातोस? माझ्या घरातनं नेलेला कागद काढून म्होरं ठिवला. डॉक्टरांची सही हाय, शिक्का हाय, अक्षर सिस्टरबाईंचं हाय. आता तूच सांग, म्हणती, तू खोटा का कागद खोटा?"

मी म्हटलं, "मी स्वतः जाऊन सांगते. रविवारी."

नरसय्यांनी मान वळवून मला नीट बघितलं. "सांगा. पर सिस्टरबाई, कागद खोटा हाय असं तिथल्या लोकांत बोललात तर हितं नव्या डॉक्टरांच्या कानावर याला कितीसा वेळ लागतोय? माझी नोकरीची चौदा वर्सं राह्यलीत." स्टुलावरून उठता उठता म्हणाले, "तरीबी सांगा."

पहिल्या रविवारी दवाखान्यात जादा पाळी निघाली. दुसऱ्या रविवारी लसी यायच्या होत्या. तिसऱ्या रविवारी मी सात रस्त्याच्या चौकापर्यंत गेले, टेंभुर्णीकडे जाणारी एसटी समोर उभी होती, आणि अक्काला पहिलं वाक्य काय सांगायचं ते जुळेना म्हणून परत आले. एकोणीस शब्दांत डॉक्टरांचं नाक वाचवणारं वाक्य मला जुळलं होतं.

आज शनिवार, २४ नोव्हेंबर १९७९. आजची यादी:

सुया उकळणे. झाले.
गोळ्यांचे रजिस्टर तपासणे. झाले.
कापूस, आयोडीन मागवणे. झाले.
खिडकीची काच बदलून घेणे. झाले.
टेंभुर्णीला जाऊन पट्टे सोडवणे. कागद खोटा आहे, अक्षर माझे आहे, पोराला मान वळवू द्या, असे सांगणे. चौथ्यांदा पुढे ओढले. बाकी.